बिअरमध्ये शिकरण कुणी घातलं? बेल्जियन बिअरची गोष्ट, सोप्या भाषेत

मागच्या महिन्यात आमचा एक मित्र बेल्जियममधल्या लूवेनहून पुण्यात परत आला, तिकडे दोन वर्षं कंपनीच्या कामासाठी होता, आणि येताना चॉकलेटं आणली ती आणलीच पण बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून बिअरच्या सहा बाटल्याही आणल्या. सहाच का, तर बाहेरून येताना एका माणसाला २ लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते आणि ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, हा हिशोब पठ्ठ्याने आधीच करून ठेवला होता. दोन वेस्टमाले डुबेल, दोन वेस्टमाले ट्रिपेल, एक ऑर्व्हाल, एक डूव्हेल. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जमलो, पिणारे पाच जण.

पहिली ट्रिपेल उघडली. एकाने घोट घेतला आणि म्हणाला, "यात बनाना एसेन्स आहे, लिहून देतो." दुसरी म्हणे छे, लवंग आहे. झालं, भांडण सुरू. तेवढ्यात मित्राची आई चकल्यांचं ताट ठेवायला आली. काकू थेंबभरही घेत नाहीत पण त्यांचं नाक जबरदस्त, भाजी जळायच्या आधी त्यांना कळतं. म्हटलं काकू, नुसता वास घेऊन सांगा. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, डोळे मिटले. "शिकरण. आणि लवंगही आहे. पण शिकरणात लवंग कोण घालतं रे?"

लेबल वाचलं. पाणी, बार्लीचं माल्ट, साखर, हॉप्स, यीस्ट. केळं नाही, लवंग नाही. काकूंच्या या प्रश्नाचं उत्तर कळलं की बेल्जियन बिअर निम्म्याहून जास्त कळते, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी बिअर होते कशी ते बघू

बार्ली म्हणजे आपलं जव. मटकीला आणतो तसे त्याला मोड आणायचे, मग वाळवून भाजायचं, ज्यांच्या घरी नाचणीचं सत्त्व करतात त्यांना यात नवीन काही नाही. याला माल्ट म्हणतात. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची सोय होते, त्यामुळे माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवलं की गोड पाणी मिळतं, चव साधारण पातळ हॉर्लिक्ससारखी. ते हॉप्स घालून उकळायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, वेल भांगेच्या कुळातली पण नशा वगैरे काही नाही, काम एवढंच की कडूपणा द्यायचा आणि बिअर टिकवायची. मग गार करून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस बाहेर टाकतं. झाली बिअर.

इथवर सगळ्या जगाची रेसिपी एकच. फरक पडतो तो यीस्टमध्ये.

विरजणाची गोष्ट

एकाच म्हशीचं दूध दोन घरी गेलं तरी दही वेगळं होतं. एकीकडे घट्ट गोड, दुसरीकडे तार सुटलेलं आंबट. दूध तेच, विरजण वेगळं, आणि रात्री स्वयंपाकघर किती गरम होतं तेही वेगळं. यीस्टचं अगदी तसंच आहे. हजारो जाती आहेत आणि साखर खाता खाता प्रत्येक जात अल्कोहोलशिवाय आणखी काहीबाही वासाचे पदार्थ सोडत असते.

त्यातले दोन प्रकार लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. एस्टर म्हणजे फळांसारखे वास आणि फिनॉल म्हणजे मसाल्यांसारखे किंवा धुरकट वास. बेल्जियन यीस्ट हे दोन्ही भरभरून सोडतं. त्यातल्या एका एस्टरचं नाव आयसोअमाइल अॅसिटेट, आणि पिकल्या केळ्याला जो वास येतो तो मुख्यतः याच पदार्थाचा. म्हणजे "केळ्यासारखा" वगैरे म्हणायची गरजच नाही, रेणू तोच आहे, फक्त तो झाडाऐवजी यीस्टने बनवलाय. लवंगेचा वास देणारा फिनॉल हा खऱ्या लवंगेतल्या मुख्य पदार्थाचा जवळचा भाऊ. काकूंचं नाक शंभर टक्के बरोबर होतं.

(जाता जाता: मधमाशी चिडली की बाकीच्यांना बोलवायला जो वास सोडते त्यातही हाच केळ्याचा पदार्थ असतो. पोळ्याखाली बसून केळी खाऊ नका.)

मग आपल्या नेहमीच्या बिअरला असा वास का नाही?

कारण ती लागर. बिअर शॉपीत आपण "एक चिल्ड दे" म्हणून जी घेतो ती बहुतेक वेळा लागर असते. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, साधारण ८ ते १२ अंशांत, हळूहळू, आणि वासाचा पसारा फार करत नाही. बिअर स्वच्छ, हलकी, तहान भागवणारी होते, त्यात वाईट काही नाही, उन्हात क्रिकेट खेळून आल्यावर मला तीच लागते. बेल्जियन यीस्ट १८ ते २४ अंशांत किंवा त्याहूनही वर ठेवतात आणि गरमीत यीस्ट जोरात आलं की एस्टर वाढतात. सेझॉं नावाचा एक प्रकार आहे, वालोनीतल्या, म्हणजे बेल्जियमच्या दक्षिण भागातल्या, शेतमजुरांसाठी हिवाळ्यात बनवून उन्हाळ्यात प्यायची बिअर, त्याची काही यीस्टं तर ३० अंशांच्या वरच खुलतात. पुण्याचा एप्रिल त्यांना छान मानवेल.

साखर, धने, संत्र्याची साल... ही भेसळ नाही का?

हा प्रश्न आमच्यातल्या त्या एकाने विचारलाच जो प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचतो. यामागे जर्मनीचा एक जुना नियम आहे, १५१६ सालचा, बव्हेरियातला: बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही. तेव्हा यीस्ट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं म्हणून त्याचं नाव नाही. त्या नियमाची इतकी जाहिरात झाली की लोकांना वाटतं शुद्ध बिअर म्हणजे हीच. पण बेल्जियम काही बव्हेरिया नाही. पुरणात गूळ घालायचा की साखर यावरून घराघरात मतं असतात, म्हणून एकाचं पुरण भेसळीचं ठरत नाही ना.

साखरेचं काम तर लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. साखर घातली म्हणजे बिअर गोड होणार असं वाटतं, पण साधी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे काहीच उरत नाही. माल्टमधल्या साखरेचा काही भाग मात्र यीस्टला पचत नाही, तो उरतो आणि बिअर जड होते. म्हणून ९.५ टक्के अल्कोहोलची ट्रिपेल नुसत्या माल्टची केली असती तर काढ्यासारखी झाली असती, थोडा माल्ट काढून साखर घातल्यामुळे ती तोंडात हलकी आणि कोरडी लागते. डुबेलचा तपकिरी रंग आणि मनुका-खजुराची चव येते त्यात करपवून काळी केलेल्या साखरेच्या पाकाचा मोठा हात असतो. काकवी चाटलीये ना? त्या घराण्यातली चव.

आणि धने. विट नावाची गव्हाची बिअर असते, पांढुरकी, गढूळ, त्यात धने आणि संत्र्याची वाळवलेली साल घालतात. हा प्रकार संपलाच होता. हूगार्डन नावाच्या गावातली शेवटची विट ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, १९५० च्या दशकात बंद पडली, मग पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्याने, होय दूधवाल्यानेच, लहानपणी त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलं होतं तेवढ्या आठवणीवर १९६६ साली ती परत सुरू केली. आज जगात जिथे जिथे विट मिळते ती सगळी त्या एका माणसाच्या हट्टाची लेकरं. पुढे १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली, पैसा मोठ्या कंपनीकडून आला, आणि आता हूगार्डन हा जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीचा ब्रँड आहे. मग ती क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरीची, का? मला विचाराल तर नाही. चव चांगली आहे का? आहे.

साधू लोक बिअर बनवतात?

बनवतात, आणि आमच्या टेबलावरच्या सहापैकी पाच बाटल्या मठातल्याच होत्या. ट्रॅपिस्ट हा ख्रिस्ती साधूंचा एक पंथ, नियम असा की स्वतःच्या कष्टावर जगायचं. कुणी चीज करतं, कुणी बिअर. ट्रॅपिस्टचा षटकोनी शिक्का बाटलीवर लावायचा तर तीन अटी आहेत: बिअर मठाच्या आवारातच बनली पाहिजे, साधूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे, आणि नफा मठाच्या गरजा आणि दानधर्म यासाठीच जायला हवा. बेल्जियममध्ये आज असे पाच मठ आहेत, वेस्टमाले, वेस्टव्लेटेरेन, शिमे, रॉशफोर आणि ऑर्व्हाल. सहावा होता आखेल, तिथे साधूच उरले नाहीत आणि २०२१ मध्ये शिक्का गेला. बिअर तीच, बनवणारे हात बहुतेक तेच, पण शिक्का गेला म्हणजे गेला.

हे हापूससारखं आहे. रत्नागिरी-देवगडचा हापूस आणि बाहेरून आलेला त्याच्यासारखा आंबा, पेटीवर काय लिहायचं याचे नियम आहेत. तसंच "ॲबी बिअर" लिहिलं असेल तर ती मठाच्या पद्धतीची, कदाचित एखाद्या मठाशी करार करून कारखान्यात बनवलेली. "ट्रॅपिस्ट" म्हणजे मठातलीच.

डुबेल आणि ट्रिपेल ही नावं दुप्पट-तिप्पट अशी वाटतात पण गणित तसं जुळत नाही, वेस्टमाले डुबेल ७ टक्के आणि ट्रिपेल ९.५, नावं फक्त चढती पायरी सांगतात. एवढी कडक बिअर बेल्जियममध्येच का वाढली याला एक कायदाही कारण आहे. १९१९ साली तिथे पबमध्ये जिन वगैरे कडक दारू विकायला बंदी आली. आता ज्याला कडकच हवंय तो काय करणार, तर बिअरच कडक व्हायला लागली. दारूबंदीच्या कायद्यातून उत्तम दारू जन्माला आली असं उदाहरण दुसरं कुठलं चटकन आठवत नाही. हा कायदा १९८० च्या दशकापर्यंत टिकला.

तळाशी गाळ आहे, खराब झालीये का?

इथे आमचा घोटाळा झाला. पहिली डुबेल मी ओतली, नेहमीच्या सवयीने बाटली उलटी करून शेवटच्या थेंबापर्यंत, आणि ग्लासात चिखल झाला. ओढ्याला पूर आल्यावर असतो तसा रंग. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खराब काही नव्हतं. आपल्या नेहमीच्या बिअरमध्ये गॅस बाहेरून भरलेला असतो, सोड्याच्या बाटलीत भरतात तसा. या बिअरमध्ये बाटली बंद करताना थोडी साखर आणि थोडं यीस्ट घालतात, ते बंद बाटलीत पुन्हा काम करतं आणि गॅस आतच तयार होतो. काम झालं की यीस्ट तळाशी बसतं. म्हणून बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवायची, ग्लास तिरका धरून एका दमात सावकाश ओतायची आणि तळाचा एक सेंटीमीटर बाटलीतच सोडायचा. दुसरी डुबेल मित्राने अशी ओतली तर गडद लालसर, आरपार दिसणारी, वर साईसारखा दाट फेस. गाळ पोटात गेला तरी बिघडत नाही, चव जरा पिठूळ होते इतकंच. फक्त विटमध्ये उलट, तिथे गाळ मुद्दाम हलवून ग्लासात घेतात कारण तिचा गढूळपणा हाच तिचा चेहरा.

"चिल्ड" नको? म्हणजे काय?

हा सगळ्यात अवघड मुद्दा, आपल्या हवेत तर फारच. पण एक प्रयोग करा, फ्रीजमधलं गारढोण आमरस आणि तोच अर्धा तास बाहेर ठेवून, चव घेऊन बघा. थंडीने जीभ बधिर होते आणि वासाचे पदार्थ हवेत उडतच नाहीत. ज्या बिअरची सगळी गंमत वासात आहे ती बर्फासारखी पिणं म्हणजे अत्तराची बाटली बूच न काढता हुंगणं. विट ५-६ अंशांवर ठीक, ट्रिपेल-डुबेल ८ ते १२ अंशांवर. थर्मामीटर वगैरे नको, फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवा, एवढं पुरे. आम्ही डूव्हेलचा पहिला घोट थंड घेतला आणि ग्लास तसाच ठेवून गप्पा मारल्या, वीस मिनिटांनी त्याच ग्लासातून नासपतीसारखा वास यायला लागला जो आधी नव्हताच.

ग्लास तोंडाशी जरा आत वळलेला हवा, वाइनचा चालतो, आम्ही काकूंच्या शोकेसमधले काढले. डूव्हेलच्या स्वतःच्या ग्लासात तर तळाला एक छोटं अक्षर कोरलेलं असतं, त्या खरखरीत जागेवरून बुडबुडे सारखे उठत राहतात म्हणून फेस टिकतो. आणि अर्धाच भरा, वास साठायला जागा पाहिजे. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकातून श्वास सोडा, लवंग तिथे सापडते. हे करताना माणूस जरा वेडा दिसतो, म्हणूनच हा प्रकार मित्रांमध्ये करायचा.

खाण्याचं म्हणाल तर चकली आणि डुबेल हे लग्न आम्हाला अनपेक्षित जमलं. पण तर्रीदार मिसळ आणि ट्रिपेल नको, अल्कोहोलने तोंडातला झोंब आणखी वाढतो, आमच्यातल्या एकाने ठेचा लावून खाल्लं आणि मग दहा मिनिटं साखरेचा डबा शोधत होता. तिखट जेवण असेल तर हलकी विट, बोंबील फ्रायबरोबर तर बघायलाच नको.

गोठ्याचा वास येतो ती चांगली कशी?

ऑर्व्हाल शेवटी उघडली. पहिली प्रतिक्रिया, "अरे ही गेलीये." वास चामड्याचा, ओल्या गवताचा, थोडा गोठ्याचा. हे काम ब्रेट्टानोमायसीस नावाच्या एका रानटी यीस्टचं, नाव लांब आहे, सगळे नुसतं ब्रेट म्हणतात. १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत इंग्लिश बिअरमधून ते ओळखलं गेलं म्हणून नावाचा अर्थच ब्रिटिश बुरशी. बाकी ब्रुअरीवाले याला घाबरून पळतात, ऑर्व्हालमध्ये ते मुद्दाम घालतात, आणि बाटली जितकी जुनी तितकं ते पुढे येतं.

याची पुढची पायरी म्हणजे लॅम्बिक, ब्रसेल्स आणि आसपासच्या भागातली आंबट बिअर. त्यात यीस्ट घालतच नाहीत! उकळलेलं गोड पाणी रात्रभर उथळ तांब्याच्या हौदात उघडं ठेवायचं, हवेतून जे येईल ते येईल, मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं मुरायला. वेगवेगळ्या वयाची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की ती गझ. आमचा मित्र ब्रसेल्समधल्या कॉंतियॉं या १९०० सालच्या ब्रुअरीत जाऊन आला, म्हणे तिथे कोळ्याची जाळी काढत नाहीत, कारण कोळी चिलटं खातात. हे ऐकून काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण इडलीचं पीठ आपण रात्रभर ठेवतो त्यात तरी कोण यीस्ट विकत आणून घालतं? लोणचं मुरल्याशिवाय खात नाही तसंच हे, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला कळायला लागतं. काहींना कधीच नाही, तेही ठीक.

एवढीशी बाटली, चढते किती?

इथे लोक फसतात कारण चव हलकी आणि बाटली लहान. साधं गणित आहे. ३३० मिली गुणिले ९.५ टक्के म्हणजे सुमारे ३१ मिली शुद्ध अल्कोहोल. आपली ६५० मिलीची मोठी माइल्ड बाटली, ५ टक्के, म्हणजे ३२.५ मिली. थोडक्यात ती "छोटी" ट्रिपेल म्हणजे अख्खी मोठी बाटली. आमच्या सहा बाटल्या मिळून सुमारे १५७ मिली अल्कोहोल होतं, पाच जणांत वाटून प्रत्येकी ३१. तीन तास बसलो आणि प्रत्येकाने मोजून एका मोठ्या माइल्ड बाटलीएवढं घेतलं, तरी सगळे रिक्षाने गेलो, कारण गाडी चालवताना मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची आहे आणि ती कुठे ओलांडली जाते हे आपल्या "मी ठीक आहे रे" वरून कळत नाही. आणि कुणी म्हणालं की साधू पितात म्हणजे तब्येतीला चांगली, तर नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. चवीसाठी घ्यायची तर चवीपुरती घ्या, औषध म्हणून नको.

पुण्यात बनलेली बेल्जियन खरी का?

२००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या क्राफ्ट मायक्रोब्रुअरींपैकी, आणि आता पुण्या-मुंबईत मेन्यूवर "बेल्जियन विट" सर्रास दिसते. "स्टाईल" या शब्दाचा अर्थ एवढाच की यीस्टची जात तिकडची, पद्धत तिकडची, पाणी आणि हात इथले. यीस्ट पाकिटात सुकवून जगभर विकलं जातं, त्यामुळे केळं-लवंग इथेही तितकीच खरी उगवतात. उलट विट ताजीच चांगली, समुद्र ओलांडून आलेल्या बाटलीपेक्षा कालच्या टाकीतली कधीही बरी. ट्रिपेल आणि ऑर्व्हालसारख्यांचं वेगळं, त्यांना मुरायला वेळ मानवतो, तिथे मी तिकडचीच बाटली घेईन, खिसा परवानगी देईल तेव्हा.

आणि यीस्ट उसनं घेण्यात कमीपणा काही नाही. वेस्टव्लेटेरेनची बिअर जगात सगळ्यात भारी म्हणून लोक गाड्या घेऊन मठापर्यंत जातात, तिचं यीस्ट येतं वेस्टमालेच्या मठातून. शेजारच्या घरून वाटीभर विरजण आणावं तसं.

हे सांगितल्यावर काकू ताबडतोब उठल्या आणि दुसऱ्या डुबेलच्या तळाशी सोडलेला तो एक सेंटीमीटर गाळ त्यांनी वाटीत काढून घेतला, त्यात मैदा आणि गुळाचं पाणी, वर झाकण. सकाळी ग्रुपवर फोटो आला, पीठ फुगून झाकणाला टेकलेलं. दुपारी त्याचा पाव केला. बांधकामाच्या विटेसारखा कडक झाला म्हणे, पण वास घेतला तर जरासं शिकरण होतं.